असील कोंबडा आणि वाणाची मालकी

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले ते कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलण्यासाठी. आम्ही विषय कळविला 'असील कोंबडा'. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांनी विचारणा केली की, कळविण्यात काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नव्हती. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिच्या नमुन्यावर गावोगावच्या माला उभ्या राहिल्या. त्या व्यासपीठांवर कोंबड्याला आजवर किती जागा मिळाली असेल ते असो. ज्याचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही त्यालाही इतिहास असतो, हे कामगारांच्या बाबतीत आम्ही जन्मभर सांगत आलो. आज तेच कोंबड्याच्या बाबतीत सांगायचे आहे. आणि ऐकता ऐकता आपल्या ध्यानात येईल की, चालकांनी दिलेला विषय आम्ही फारसा सोडलेला नाही.

आमचे राहणे पळस्प्याला. पनवेलहून निघालेला जुना पुणे रस्ता आणि गोव्याचा रस्ता जेथे फुटतात तो फाटा आपणां सर्वांच्या पायाखालचा आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हापासून घाटावरचा माल याच बाजूने मुंबईकडे उतरत आला. वाहनचालक आणि भरणी-उतरणी करणारे हमाल यांच्या संघटनेच्या कामासाठी आम्ही या फाट्यावर कित्येक रात्री काढल्या आहेत. मध्यरात्र उलटली की जाळीच्या पिंजऱ्यांच्या गाड्या येऊ लागतात. एकावर एक रचलेले पिंजरे, त्यांत दाटीने बसलेल्या पांढऱ्या कोंबड्या, आणि चहाच्या टपरीसमोर गाडी थांबली की दिव्याच्या उजेडात तरंगणारी बारीक पिसे. त्या कोंबड्या ओरडत नाहीत. एवढे शेकडो जीव इतके गप्प कसे, याचे नवख्या माणसाला नवल वाटते. आम्हांसही वाटे. पुढे वाचता वाचता कळले की, या मुक्या पांढऱ्या कोंबडीच्या अंगात एका नामांकित लढवय्याचे रक्त आहे, आणि तो लढवय्या आपल्याच देशातला. त्याचे नाव असील.

आधी शब्दाचे पाहू. असील हा शब्द अरबी. अस्सल, असल हे आपले शब्द त्याच मुळाचे. असील म्हणजे खऱ्या बीजाचा, चांगल्या कुळातला. कोर्टात वकिलाच्या मागे जो उभा असतो, ज्याच्या नावाने वकील बोलतो, त्याला आपण 'अशील' म्हणतो, तोही हाच शब्द. मूळ धनी असा त्याचा अर्थ. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजविताना हा शब्द आम्ही हजार वेळा ऐकला, पण खुराड्यातला असील आणि कोर्टातला अशील एकच, हे उशिरा समजले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सर्व वाचनालयांच्या कृपेने झाले, म्हणून अशा गोष्टी आम्हांस उशिराच समजतात आणि समजल्या की आनंदही जास्त होतो.

पक्षी दिसतो कसा? साध्या कोंबड्याची पाठ आडवी असते. असील उभा असतो, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा. मान लांब व जाड, छाती रुंद, खांदे पुढे आलेले, शेपटी खाली झुकलेली. डोक्यावर पानासारखा उभा तुरा नसतो. वाटाण्याच्या दाण्यांच्या तीन ओळी शेजारी शेजारी चिकटवाव्यात तसा बसका तुरा असतो, आणि गळ्याखालचे लाल लोळ जवळजवळ नसतातच. चोच आखूड, जाड, पोपटासारखी वाकडी. पिसे तोकडी, कडक, अंगाला घट्ट बसलेली. त्यांच्याखाली मऊ लव फारशी नाही, छातीच्या हाडावर तर कातडी उघडीच. यांतले काहीही शोभेसाठी नाही. उभा तुरा असला तर प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडतो. म्हणून ज्यांचा तुरा बसका त्यांचीच पैदास पुढे चालली. पिसे दाट असली तर अंग लवकर तापते आणि चोचीला पकड मिळते. पायाला पाते न बांधता लावलेली झुंज तासन्‌ तास चालते. तीत टिकायला मांडीत, छातीत आणि दमात जोर हवा. पिढ्यान्‌ पिढ्या याच कसोटीवर निवड होत गेली आणि छातीच्या मांसाचा जाड थर तयार झाला. हा छातीचा थर ध्यानात ठेवावा. पुढची सगळी कथा त्याच्यावर आहे. पूर्ण वाढलेला असील नर ४ ते ५ किलोंचा भरतो, मादी ३ ते ४ किलोंची. रंगावरून त्यांची नावे पडली आहेत: पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता, जावा, सब्जा, टीकर. लहान चणीच्या एका प्रकाराला रेझा म्हणतात.

असीलाचे भाऊबंद पूर्वेकडे दूरवर पसरलेले आहेत. मलायाचा उंच कोंबडा, सयामचा कोंबडा, आणि जपानचा शामो, ज्याचे नावच सयामवरून पडले. कारण तो सतराव्या शतकाच्या सुमारास तिकडून जपानात गेला. इंग्रज या सगळ्यांना मिळून पौर्वात्य झुंजार कोंबडे म्हणतात.

कोंबडी मुळात माणसाळली कोठे, याविषयी डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात निर्णय दिला की, सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ यांनी त्यास पत्रांतून पुष्कळ माहिती पुरविली होती. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी कोंबडी प्रथम पाळली, असे आमच्या तरुणपणच्या पुस्तकांत असे. आता ते मत मागे पडले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते स्थान नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्याकडे नेले. मात्र आपल्या सह्याद्रीच्या रानातल्या राखी रानकोंबड्यानेही या घराण्याला एक देणगी दिली आहे. पाळीव कोंबडीची पिवळी कातडी आणि पिवळे पाय यांचे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून न येता या राखी रानकोंबड्याकडून आले, असे २००८ साली सिद्ध झाले. तांबड्या आणि राखी या दोन रानकोंबड्यांची भेट माणसाच्या अंगणाने घडवून आणली.

आता हे अंगण कोणाचे होते ते पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना गावकोंबडा खाणे निषिद्ध ठरविले आहे. त्याच स्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्जीव वस्तूंनी खेळतात त्याला द्यूत आणि प्राणी लढवून पैज लावतात त्याला समाह्वय म्हटले असून राजाने दोन्ही बंद करावीत असे सांगितले आहे. जे बंद करा म्हणून सांगावे लागते ते चालू असते, हे सांगायला शास्त्री नको. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत मेंढे, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजीची विद्या घातली आहे. दंडीच्या दशकुमारचरितात तर भर बाजारात कोंबड्यांची झुंज लागली आहे आणि त्यांच्या दोन जातींची नावेही तेथे आली आहेत. म्हणजे नागर लोक झुंज पाहत, तिची कलांमध्ये गणना करीत. पण कोंबडी पाळणे, तिचे खुराडे साफ करणे, तिचे बीज राखणे हे ज्यांच्याकडे होते त्यांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना कोंबडीचा विटाळ होत होता. असीलाचा इतिहास आपणांस तुटक मिळतो याचे कारण एवढेच आहे.

मध्ययुगानंतर राजेरजवाड्यांचे आश्रय आले. १७८४ साली लखनौला नवाब असफउद्दौला आणि इंग्रजांचा कर्नल मॉर्डंट यांच्या कोंबड्यांची झुंज झाली. योहान झोफानी या चित्रकाराने तिचे मोठे चित्र काढले, ते जगप्रसिद्ध आहे. मध्यभागी कर्नल आणि नवाब, भोवती साहेब लोक आणि दरबारी, आणि पुढे जमिनीलगत पक्षी धरून बसलेली देशी माणसे. चित्राची कीर्ती नवाबाच्या आणि कर्नलाच्या नावावर चालते. पक्षी धरणाऱ्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पण त्या दोघांपैकी कोणालाही एक पिल्लू वाढविता आले असते असे आम्हांस वाटत नाही.

कारण असील वाढविणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. कोंबडी अंडी मुळात थोडी घालते. तिला अंड्यावर यायलाच साडेसहा महिने लागतात. आणि चार अंडी झाली न झाली की ती खुडूक बसते. बसली की मात्र तिच्यासारखी आई नाही. एकवीस दिवस ती अंड्यांवरून दाणापाण्यापुरती उठते, आणि पिल्ले फुटल्यावर मांजर, मुंगूस, घार यांपैकी कोणाचीही पर्वा करीत नाही. पिल्ले वाढतात ती सावकाश. वीस आठवड्यांनी वजन सव्वा किलोच्या आसपास. तोवर नरांची आपापसात जुंपू लागते, म्हणून प्रत्येकाला वेगळे डालगे. खाण्याला बाजरी, नाचणी, ज्वारी, भिजविलेले हरभरे, जमल्यास उकडलेल्या अंड्याचे पांढरे. झुंजीचा पक्षी असेल तर मालीश, उन्हात फिरविणे, दम वाढविणे. हौशी लोक बदाम आणि तूपही चारीत, असे सांगतात. ज्यांच्या पोरांना ते मिळत नव्हते त्यांनी कोंबड्याला चारावे काय, हा प्रश्न आम्ही लहानपणी घरात विचारला होता आणि मार खाल्ला होता.

ती हकीकत सांगितलीच पाहिजे. आमचे वडील मुंबईत गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यातून पुष्कळांचे झाले तेच आमचे झाले. बिऱ्हाड गावी परत आले. निघताना शेजारच्या साच्यावरच्या एका तेलंगी सोबत्याने वडिलांच्या हातात एक टोपली दिली. तीत असीलाच्या दोन तलंगा आणि एक नर. देणाऱ्याचाही संपच होता. त्याच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नव्हते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. वडिलांनी त्या तीन पक्ष्यांपासून सात-आठ वर्षे वाण राखले. झुंज त्यांनी कधी लावली नाही. त्यांना तिचा तिटकारा होता. शेजारपाजारी अर्धेलीने कोंबडी द्यायची, पिल्ले झाली की निम्मी आपली निम्मी तिची, अशा रीतीने ते वाण चार वाड्यांत पसरले. कोणती कोंबडी कोणाची लेक, कोणाची नात, हे त्यांना तोंडपाठ असे. ते म्हणत, "कोंबडा नुसता दिसतो, वाण कोंबडीत असतं." शास्त्र म्हणते की आईबापांचा वाटा जवळजवळ सारखाच असतो. परंतु गरिबाच्या अंगणात नर आज इथला तर उद्या तिथला. टिकून राहते ती मादी. तेव्हा वडिलांचे म्हणणे हिशेबाने अगदीच चूक नव्हते.

मग एका उन्हाळ्यात मानमोडी आली. शास्त्रीय पुस्तकांत तिला राणीखेत म्हणतात. १९२७च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे आपल्या देशात ती प्रथम ओळखली गेली, म्हणून हे नाव. मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेने तिची लस १९४०च्या दशकातच तयार केली होती. ती लस आमच्या वाडीपर्यंत पोहोचायला पन्नास वर्षेही पुरली नाहीत. आठ दिवसांत चारही वाड्यांतली खुराडी रिकामी झाली. माना वाकड्या करून फिरत फिरत पडणारे ते पक्षी आम्ही खड्ड्यात पुरले. वडील त्यानंतर कोंबड्यांविषयी फारसे बोलले नाहीत.

इकडे आमच्या खड्ड्यात जे संपले ते दीडशे वर्षांपूर्वीच बोटीत बसून परदेशी गेलेले होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथील बॉडमिन गावचा वॉल्टर गिल्बर्ट बंगाल सैन्यात सेनापती झाला. १८४९ साली शीख फौजेने शस्त्रे खाली ठेवली ती याच्याच पुढे. त्याने हिंदुस्थानातून तांबडे असील नेऊन इंग्रजी झुंजार कोंबड्यांशी त्यांचा संकर केला, आणि त्या परगण्यात पुढे मलाय रक्तही त्यात मिसळले गेले, असे सांगतात. हेतू हा की, जगज्जेता लढवय्या निपजावा. निपजला तो इतका जड आणि रुंद की त्याला नीट लढताच येईना. त्यातच १८३५ साली इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजीवर कायद्याने बंदी आली. झुंजी थांबल्या आणि हौशी लोक प्रदर्शनांकडे वळले. लढाईत नापास झालेला हा पक्षी 'इंडियन गेम' या नावाने प्रदर्शनांत आणि मग खाटकाच्या दुकानात नावाजला. कारण त्याच्या छातीवर इतर कोणत्याही कोंबडीपेक्षा मांस जास्त होते.

मध्येच एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या झाडांवरून निघाले आणि १९०० साली ते नव्याने उजेडात आले. ते प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखविणाऱ्या पहिल्या प्रयोगांत विल्यम बेटसन याचे १९०२ साली प्रसिद्ध झालेले कोंबड्यांवरचे प्रयोग येतात, आणि त्यांत त्याने लेगहॉर्नशी ज्याचा संकर केला तो पक्षी होता इंडियन गेम. पहिल्या पिढीत सगळ्यांना वाटाण्यासारखा तुरा. त्यांची पिल्ले झाली तेव्हा तीनांस एक या प्रमाणात उभा तुरा परत आला. झुंजीत चोचीत सापडू नये म्हणून आपल्याकडच्या निनावी पालनकर्त्यांनी जो तुरा राखला, त्याने अशी शास्त्राची सेवा केली.

इंडियन गेम अमेरिकेत पोहोचला आणि १८९३ साली तेथील जातींच्या अधिकृत यादीत 'कॉर्निश इंडियन गेम' म्हणून दाखल झाला. पुढे त्यातले 'इंडियन' गळाले. तेथे आता तो नुसता कॉर्निश आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' या नावाची एक स्पर्धा भरविण्यात आली. पुढाकार एका मोठ्या दुकान-साखळीचा आणि साहाय्य सरकारी शेतीखात्याचे. तोवर कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी, मांस हे जोडउत्पन्न. स्पर्धेची रीत पाहण्यासारखी होती: निरनिराळ्या पैदासकारांनी अंडी पाठवायची, ती एकाच ठिकाणी उबवायची, सर्व पिल्लांना सारखेच खाद्य घालायचे आणि ठरलेल्या दिवशी मारून वजन व छाती पाहायची. १९४८ साली राष्ट्रीय अंतिम फेरी झाली आणि पहिला आला कॅलिफोर्नियाचा चार्ल्स व्हँट्रेस. त्याची कोंबडी कॉर्निश नर आणि न्यू हॅम्पशायर मादी यांची होती. १९५१ सालीही तोच जिंकला. पिसे उपटल्यावर कातडी स्वच्छ दिसावी म्हणून पुढे पांढऱ्या रंगाची निवड झाली. व्हँट्रेस हे नाव कॉब या दुसऱ्या पैदासकार घराण्याच्या नावाशी जोडले गेले आणि कॉब-व्हँट्रेस ही जगातील मोठ्या पैदास कंपन्यांपैकी एक झाली. आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. पुणे हे तिचे ठाणे. कॉबच्या सहकार्याने आलेला 'व्हेनकॉब' हा पक्षी तिच्यामार्फत देशभर गेला. अंडे आणि कोंबडी पूर्वी श्रीमंताच्या किंवा सणाच्या ताटात असे, ते मजुराच्या डब्यात आले ते या मंडळींच्या कामगिरीमुळे, हे न मानणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्या हमाल बांधवांना घाम गाळल्यावर पोटभर मांस परवडते, याचा आम्हांस आनंद आहे.

पण या कोंबडीत आणि वडिलांच्या कोंबडीत एक भेद आहे, आणि आजच्या व्याख्यानाचे कारण तोच आहे. नवी कोंबडी एका वाणाची नसते. कंपनीकडे निरनिराळी शुद्ध घराणी असतात. त्यांतून पणजोबा-पिढी, आजोबा-पिढी, आईबाप-पिढी अशा पायऱ्यांनी संकर करीत शेवटचे पिल्लू तयार होते. ते सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंच्या पुढे जाते. मात्र त्याच्यापासून पुढे पैदास करू म्हटले तर गुण पांगतात, तसे पिल्लू पुन्हा मिळत नाही. मक्याच्या संकरित बियाण्यात ही युक्ती प्रथम चालली; तेच पेरणाऱ्या हेन्री वॉलेस यांच्या कंपनीने ती १९३०च्या दशकात कोंबड्यांत आणली. हे वॉलेस नंतर अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. युक्तीचा अर्थ असा की, शेतकऱ्याला दर खेपेस नवे पिल्लू विकतच घ्यावे लागते. कुलूप लावायची गरज नाही. कुलूप पक्ष्याच्या रक्तातच असते.

काही वर्षांपूर्वी पळस्प्याच्या आमच्या कार्यालयात एक शेतकरी आले. हातात हिशेबाचा कागद. त्यांनी एका कंपनीशी करार करून कोंबड्यांची शेड घातली होती. पिल्ले कंपनीची, खाद्य आणि औषधे कंपनीची, डॉक्टर कंपनीचा, पक्षी उचलायची गाडी कंपनीची. शेड, वीज, पाणी, खाली पसरायचे भाताचे तूस आणि घरच्या चार माणसांची रात्रंदिवस मेहनत त्यांची. किती किलो खाद्यात किती किलो कोंबडी झाली यावर किलोमागे मजुरी. एप्रिलात गाडी चार दिवस उशिरा आली. त्या उष्म्यात पक्षी पटापटा मेले. मेलेले पक्षी यांच्या नावावर आणि त्यांनी खाल्लेले खाद्यही यांच्याच नावावर. त्यांनी आम्हांस विचारले, "साहेब, आम्ही मालक की मजूर, तेवढं सांगा."

आम्ही पत्रव्यवहार केला. उत्तर आले की, हा मालक-नोकर संबंध नाही, हा दोन स्वतंत्र व्यावसायिकांतील करार आहे. कागदावर ते बरोबर होते. १९४८चा किमान वेतन कायदा घ्या की २०१९ची वेतन संहिता घ्या, तिच्या दारात शिरायला माणूस आधी कामगार ठरावा लागतो. भिवंडीच्या यंत्रमागावर आम्ही हेच पाहिले होते: सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, माग तेवढा आपला आणि मजुरी मीटरमागे. माग आपला असतो म्हणून माणूस स्वतःस मालक समजतो, आणि तुटीच्या दिवशी त्याला कळते की आपल्या मालकीची होती ती फक्त तूट. त्या गृहस्थांना आम्ही फार काही मिळवून देऊ शकलो नाही. निरोप घेताना त्यांनी सांगितले की, घरी खायला ते शेडमधली कोंबडी आणीत नाहीत. परसात आईने सोडलेल्या गावठी कोंबड्या आहेत.

परसातल्या या कोंबड्यांवर कधी कधी निराळेच संकट येते. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू निघाला. आपल्या देशातला तो पहिला. रोग उघडकीस आला तो मोठ्या पोल्ट्र्यांत, आणि तो आटोक्यात आणण्यासाठी त्या टापूतले लाखो पक्षी मारण्यात आले, त्यांत आदिवासी पाड्यांवरच्या अंगणातल्या कोंबड्याही गेल्या. साथीत तसे करणे भाग असते, याबद्दल आमचा वाद नाही. पण हाच टापू बुसरा या देशी कोंबडीचा. शेडमधली पिल्ले महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा विकत आणता येतात. आजीपणजीपासून राखलेल्या कोंबडीचे दुकान नसते.

सरकारला हे कळत नाही असे नाही. हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने देशी कोंबड्यांच्या जातींची नोंद केली आहे. तीत असील आहे, आणि त्याचा मुलूख म्हणून आंध्र, ओडिशा व छत्तीसगड यांची नावे आहेत. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेने असीलाच्या संकरातून 'कॅरी निर्भीक' हा परसात पाळण्याजोगा पक्षी तयार केला आहे. हैदराबादच्या संशोधन केंद्रातही असील राखलेला आहे. हे काम चांगले आहे. परंतु या पक्ष्याला झुंजीची कसोटी उरली नाही हेही खरे. १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांना झुंजविणे गुन्हा आहे आणि तो असावाच, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिंधुदुर्गात, गोव्यात आणि संक्रांतीला आंध्रात अजून चोरून झुंजी लागतात, पायाला धारदार पाती बांधतात. त्यात ना पक्ष्याची परीक्षा होते ना माणसाची, दोन मिनिटांत रक्त आणि मग पैशांची मोजणी. अशा झुंजीसाठी असील टिकवावा असे कोणी म्हणेल तर आम्ही त्यांच्यात नाही. तो टिकावा तो त्याच्या मादीच्या मायेसाठी, काटकपणासाठी, कंपनीच्या गाडीवाचून वाढण्याच्या त्याच्या गुणासाठी.

शेवटी एक ताजी हकीकत. कर्नाळ्याच्या अंगाला असलेल्या एका ठाकूरवाडीत आम्ही रेशनकार्डांच्या कामासाठी गेलो होतो. एका आजींच्या झोपडीमागे डालग्याखाली एक कोंबडी दिसली. उभी चण, जाड मान, डोक्यावर वाटाण्याचे तीन दाणे. शुद्ध असील ती नव्हती. पायांची ठेवण गावठी होती. आम्ही विचारले, "आजी, ही कुठली?" त्या म्हणाल्या, "हिची आई माझ्या भावजयीकडची, अन्‌ तिची आई घाटावरनं आली व्हती." त्यापलीकडच्याही दोन पिढ्या त्यांनी सांगितल्या, कोणत्या कोंबडीला मुंगसाने धरले आणि कोणती पावसाळ्यात वळचणीला बसून अकरा पिल्ले घेऊन उतरली, हेही. एवढी वंशावळ आम्हांस आमच्या घराण्याची सांगता येत नाही. पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. अर्धेलीने ने, म्हणाल्या; पिल्ले झाली की निम्मी आणून दे.

आम्ही नऊ अंडी आणली आणि शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. होळीच्या आदल्या रात्री पहिले फुटले. नऊपैकी सहा पिल्ले निघाली, त्यांतले एक घारीने नेले. या वेळी लस आधी आणून ठेवली होती. पाच उरली आहेत. पाचाचे निम्मे कसे करायचे, हे आजींनाच विचारायला पुढच्या रविवारी वाडीवर जायचे आहे.